तिसऱ्या नंबरचा प्रश्न

९ मार्च, मुंबई
उद्याच्या प्रश्नांची यादी आली. सोडतीत आपला तारांकित प्रश्न, मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो, तिसरा लागलाय. आमदारकीच्या सात वर्षांत इतका वर कधीच नव्हता. विलासला (पीए) यादी दोनदा वाचायला लावली. तासाभरात चार-पाच प्रश्न होतात, म्हणजे येणारच.
विषय आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रावरच्या सात सफाईवाल्या. किमान वेतन मागितलं म्हणून ठेकेदारानं घरी बसवल्या. कामगार न्यायालयात गेल्या, तर तिथं न्यायाधीशाची खुर्ची रिकामी. नुसत्या तारखा. सरकार ठेकेदाराला पैसे कशाचे देतं आणि न्यायाधीश कधी नेमणार, एवढंच विचारायचंय. ३१ तारखेला ठेका संपतो, मग तो हात झटकून मोकळा. त्याआधी मंत्री उभं राहून ‘कामावर घेऊ’ म्हणाले की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं, मग खात्याला पळता येत नाही. लेखी उत्तराला कुत्रं विचारत नाही.
हिराबाईला फोन केला. आमच्याच माले गावची, सातजणींची पुढारी. म्हणाली, “दादा, आमाला बघाया मिळंल का?” सातांचे पास काढायला सांगितलेत.

१० मार्च
लिहवत नाही. पण लिहितो.
बाया पहाटेच जीप करून निघालेल्या. सातही जणी ठेवणीतल्या साड्या नेसून प्रेक्षक गॅलरीत. मी मान वर करून हात केला, हिराबाईनं पदर सावरला.
पहिला प्रश्न लांबला. दुसऱ्यावर कुणी मंत्री आमच्या नेत्यांबद्दल काहीतरी बोलले. काय बोलले ते आत्ताही नीट आठवत नाही. आमच्या प्रतोदांनी खूण केली, विरोधी बाकं सगळी उठली, मीही उठलो. थेट वेलमध्ये, अध्यक्षांच्या पुढ्यात. घोषणा. माझा आवाज भजनात तयार झालेला, म्हणून मला नेहमी पुढं घालतात. सभागृह दहा मिनिटं तहकूब, मग पुन्हा तहकूब. प्रश्नोत्तराचा तास संपला. उरलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली.
जागेवर येऊन घाम पुसला तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. माझा प्रश्न मीच बुडवला. दुसऱ्या कुणी नाही, मी.
बाहेर बाया थांबलेल्या. हिराबाई म्हणाली, “लई गोंधळ हुता, काय ऐकू आलं न्हाई. तुमी म्होरं हून वरडत हुता, आमच्यासाठीच न्हवं?”
हो म्हणालो.
त्यांना कॅन्टीनमध्ये जेवू घातलं. 

११ मार्च
लेखी उत्तर हातात पडलं. (१) अंशतः खरे आहे. (२) बाब न्यायप्रविष्ट आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.
न्यायप्रविष्ट म्हणून खातं बोलत नाही. न्यायाधीश नाही म्हणून न्यायालय बोलत नाही. मी बोलायचं, तर मी घोषणा देत होतो.
प्रतोदांना सांगितलं. म्हणाले, “अहो, लक्षवेधी सूचना टाका. आणि काल आवाज काय लागला तुमचा, साहेब खूश आहेत.” लाज वाटते लिहायला, पण क्षणभर बरं वाटलं.

१४ मार्च, घरी
हिंजवडीत दीड तास अडकलो. गाडीतून उतरून चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो.
सौ.ला सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही. वाटलं, समजूत काढेल. ती म्हणाली, “जांब्याला आपल्या भाड्यानं दिलेल्या खोल्यांचे जिने झाडते त्या बाईला आपण काय देतो, माहीत आहे तुम्हाला?” माहीत नव्हतं. ते सगळं मुनीम बघतो. “तिचं नाव तरी?” तेही नाही. मग ती भाकरी वाढत राहिली.

१५ मार्च
जांब्याला जाऊन आलो. नाव रुक्मिणी. मुनिमाला पगार वाढवायला सांगितलं. तो म्हणाला, “शेजारच्या बिल्डिंगवाले बोंबलतील.” बोंबलू देत.

१९ मार्च, मुंबई
लक्षवेधी नामंजूर. कपात सूचना दिली होती, पण वेळ संपला आणि खात्याच्या खर्चाच्या सगळ्या मागण्या चर्चेविना एका दमात मंजूर झाल्या. मंत्र्यांना लॉबीत गाठलं. खांद्यावर हात टाकून म्हणाले, “अर्ज द्या, बघतो.” मीही लोकांच्या खांद्यावर असाच हात टाकतो. समोरच्याला कसं वाटतं ते आज कळलं.

२४ मार्च, माले
हिराबाई अंगणात आली. बसली नाही. “सुनंनं मोबाइलवर दावलं.” आमच्याच कार्यकर्त्यांनी सभागृहातल्या माझ्या घोषणांचा व्हिडिओ कौतुकानं टाकलाय, वर ‘साहेबांच्या अपमानाचा जाब’ अशा मथळ्यासकट. “तुमी तर तुमच्या सायबासाठी वरडत हुता.”
माफी मागितली. मनापासून मागितली, मतांसाठी नाही.
“माफीचं काय करू, दादा? म्या समद्या गावात सांगितलंय, आमचं नाव तितं निघालं म्हून.”
रागावली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. 

२९ मार्च
नवा ठेकेदार ठरला. जुन्याचाच मेहुणा. त्याचा निरोप असा, की केस मागं घ्या, ‘तक्रार नाही’ म्हणून सही करा, जुन्याच पगारावर एक तारखेपासून या. मुदत ३१ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत. चौघींनी सह्या केल्या. त्यांना कुठल्या तोंडानं नावं ठेवू? घरात खाणारी तोंडं आहेत.

३१ मार्च
सकाळी हिराबाई आली, हातात तो कागद. “दादा, तुमी कायद्याचं जानता. माज्या जागी असता तर काय केलं असतं?”
लढ, मी पाठीशी आहे, हे भाषण जिभेवर तयार होतं. शेकडो वेळा केलंय. पण कोर्टात न्यायाधीश नाही, सभागृहातली एक संधी होती ती मी घालवली, आणि पाठीशी म्हणजे नेमकं कुठं? या बाईशी परत खोटं बोलवेना.
म्हणालो, “हिराबाई, मी असतो तर सही केली असती.”
ती म्हणाली, “मला वाटलं, तुमी तरी नगं म्हनाल.” कागदाची घडी घातली, कमरेला खोचली. सौ.नं चहा आणला तोवर गेलीसुद्धा.
खरं बोललो. पण ती सही करायला परवानगी मागायला आली नव्हती, हे ती गेल्यावर कळलं. सही न करायला तिला कुणाचं तरी बळ हवं होतं. चुकलो. परत चुकलो.
पाच वाजून गेले. तिनं सही केली असेल तर उद्यापासून जुन्याच पगारावर फरशा पुसेल, माझ्या सांगण्यावरून. केली नसेल तर घरी बसेल, आणि पुढची तारीख कधी ते कुणालाच माहीत नाही.
विलास म्हणाला, “फोन लावून देऊ का?” नको म्हणालो. तिचं घर इथून चार घरं सोडून. चालत जाऊन विचारता येईल.
साडेसात झाले. अजून विचारलेलं नाही.