बोडीतला उतार

सर, ट्रॅक झाला. गोंदिया शहर संपतं तिथे, रस्त्यापासून थोडा आत. वर छत आहे, चारी बाजूंनी भिंती आहेत, आणि आत सायकलींसाठी लाकडाचा ट्रॅक, वळणावर उभा होत जाणारा, तुम्ही फळ्यावर काढून दाखवायचात तसाच. गुरुवारी उद्घाटन आहे. त्या कामावरची अभियंता मीच. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तेव्हा हे सांगायला उशीर झाला आहे हे मला कळतं.

मी आठवीत होते. उन्हाळा लागला की गोरेगावकडच्या आपल्या शाळेमागची बोडी, ते छोटं तळं, आटायची. तळाला भेगा आणि भोवती पाळीचा, मातीच्या बांधाचा, उतार, एवढंच उरायचं. बाकीच्यांना ती कोरडी बोडी दिसायची, तुम्हाला त्यात ट्रॅक दिसला. शेतमालकाला विचारून तुम्ही आम्हा मुलींच्या हातात फावडी दिलीत, दोन्ही टोकांच्या वळणांवर मुरूम टाकून घेतलात, आणि शाळा सुटली की धुमसाने ठोकून ठोकून तो उतार कडक करवलात. सायकली सात, मुली अकरा. तुम्ही बोडीच्या मध्यभागी उभे, गळ्यात शिट्टी, पँट घोट्याच्या वर दुमडलेली. मी वळणावर येते, उतार अंगावर येतो, हात आपोआप ब्रेककडे जातो आणि तुमचा आवाज येतो, "काऊन भेतेस? पाय थांबवू नको! थांबलीस का घसरशील!" मी जोराने पाय मारते आणि सायकल त्या मातीला चिकटून वर चढते. पुढच्या सरळ भागात आल्यावर मला हसू फुटतं. तेवढं मोकळं हसू मला पुढे फारसं आलं नाही.

पावसाळ्यात बोडी भरली की सराव बंद व्हायचा. मग खेळाच्या तासाला तुम्ही वर्गातच फळ्यावर लंबगोल काढायचात. प्रशिक्षणाला गेला होतात तेव्हा छताखालचा एक ट्रॅक तुम्ही पाहिला होता. आम्ही हसलो होतो. कुणीतरी विचारलंही, "सर, सायकल का घरात चालवतेत?" तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "चालवतेत ना. तिथं पानी नाही, ट्रक नाही, रस्त्यावर शिट्ट्या मारणारे पोट्टे नाही. पोरगी निस्ती सायकल चालवते." ते 'निस्ती' मला तेव्हा कळलं नव्हतं.

आमच्यात एक मुलगी माझ्यापेक्षा वेगवान होती. तिच्या घरी सायकल नव्हती, ती शाळेच्याच सायकलवर शिकली, आणि तरी प्रत्येक फेरीत माझ्या पुढे असायची. जिल्ह्याच्या स्पर्धेला एकच मुलगी पाठवायची होती. निवड शनिवारी. शुक्रवारी पहाटे अवकाळी पाऊस पडून गेला. प्रार्थना संपल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, "आज बोडीत कोनी उतरायचं नाही. माती ओली आहे." मी ते नीट ऐकलं होतं. मधल्या सुट्टीत सगळ्या जेवायला बसल्या तेव्हा मी सायकल काढली. मला फक्त चार फेऱ्या जास्त मारायच्या होत्या, तिच्यापेक्षा चार जास्त. दुसऱ्याच वळणावर मागचं चाक सुटलं आणि मी डाव्या हातावर पडले. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

घरी बाबांनी पहिला प्रश्न हाताबद्दल विचारला नाही. ते म्हणाले, "सायकलवर कोनं बसवलं तुले?" त्यांना मुळातच मुलींनी बोडीत सायकल फिरवणं पसंत नव्हतं. त्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडून निघालं, "सरांनी." ते म्हणाले, "ओल्या मातीत?" मी म्हटलं, "हो. मी नाही म्हणत होते. सर म्हणाले, बोडीत उतर." एकदा बोलल्यावर पुढचं सोपं होतं. आईने हळद लावली, रडली, आणि मीही रडले. सगळ्यांना वाटलं हात दुखतो म्हणून.

सोमवारी बाबा गावातल्या चार माणसांना घेऊन शाळेत आले. मला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. हाताला प्लास्टर, हात गळ्यात बांधलेला. तुम्ही खिडकीपाशी उभे आहात. मुख्याध्यापक विचारतात, "सरांनी तुला बोडीत उतरायला सांगितलं होतं का?" मी तुमच्याकडे बघते. तुम्ही माझ्याकडे बघता. तुमच्या बघण्यात राग असता तर कदाचित मी खरं बोलले असते. पण तुम्ही माझ्या प्लास्टरकडे बघत होतात, हाड सरळ बसलंय की नाही हे जणू तिथूनच ताडत होतात. मी मान हलवली. हो. बाबांचा आवाज चढला. एवढ्या सगळ्या मुलींसमोर तुम्ही मनाई केली होती, त्यातली एखादी बोलावली असती तरी माझं खोटं उघडं पडलं असतं. तुम्ही कुणालाही बोलवा म्हणाला नाहीत. एवढंच म्हणालात, "पोरगी म्हणते तर खरं असंल. चूक माझी आहे." मग शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवलीत.

सायकली एका खोलीत बंद झाल्या. स्पर्धेला शाळेतून कुणीच गेलं नाही. पुढच्या वर्षी तुमची बदली पार सालेकशाकडे झाली. गोंदियाजवळचं मुर्रीचं घर सोडता येत नव्हतं, म्हणून तुम्ही रोज एसटीने जाऊन-येऊन करत होतात असं ऐकलं. ती वेगवान मुलगी दहावीनंतर लग्न होऊन गेली. गेल्या वर्षी ती मला गोरेगावच्या बाजारात भेटली, भाजी घेऊन राहिली होती. मी कामाचं सांगितलं तर म्हणाली, "अरे वा. आपन चालवत होतो ना बोडीत!" आणि पिशवी उचलून पुढे गेली. तिच्या डोक्यात त्यातलं काहीच उरलं नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र संध्याकाळपर्यंत ती तिच्या फेऱ्या मारत राहिली.

बारावीत असताना तुम्ही मला गोंदियाच्या बसस्टँडवर दिसलात. मी ओळख न देता पुढे जाणार होते, पण तुम्हीच हाक मारलीत. केस पांढरे झाले होते. तुम्ही मला चहा आणि समोसा घेऊन दिलात आणि पहिला प्रश्न केलात, "हात बरा आहे का?" मी हात फिरवून दाखवला. "पुढं काय करतेस?" "इंजिनिअरिंग." तुम्ही खूश झालात. म्हणालात, "मंग छताखालचा ट्रॅक बांध एक. पावसाळ्यात पोरी घरी बसून राहतेत." मी हसले. तोंडाशी आलं होतं, सर, त्या दिवशी मी... तेवढ्यात गोरेगावची गाडी लागली. गाडीला गर्दी नव्हती. दुसरी गाडी अर्ध्या तासात होती. तरी मी म्हटलं, "सर, माझी गाडी आली," आणि तुम्ही म्हणालात, "जा, जा."

तुम्ही गेलात तेव्हा मी चंद्रपूरला एका पुलाच्या कामावर होते. बाबांचा फोन आला. म्हणाले, "तुझे ते सायकलवाले सर गेले." मग म्हणाले, "मानूस वाईट नव्हता." मी रजा मागितली नाही. साहेबांनी दिली असती.

ट्रॅकचा प्रस्ताव आला तेव्हा सगळ्यांनी तो हसण्यावारी नेला. वरचे एक साहेब म्हणाले, "मैडम, गोंदिया में इसको चलाएगा कौन? बच्चे तो मोबाइल चलाते हैं." तरी मी त्याच्या मागे लागले. मध्ये एकही खांब नको म्हणून छताचा आराखडा तीनदा बदलला. लाकडाच्या अरुंद लांब पट्ट्या बाहेरून आल्या, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत फुगल्या. बाहेरून आलेल्या सुतारांनी काम थांबवलं. पट्ट्यांचे गठ्ठे सोडून त्या त्याच छताखाली कित्येक आठवडे नुसत्या पसरून ठेवाव्या लागल्या, त्यांना इथल्या हवेची सवय व्हावी म्हणून. कंत्राटदार रोज फोन करायचा, मी रोज सांगायचे, अजून नाही. मग सुतार उतारावर पोटावर पालथे पडून एकेक पट्टी ठोकू लागले. प्रत्येक खिळ्याचं डोकं लाकडाच्या आत गेलंय की नाही हे मी हाताने चाचपून बघत होते. माझी बोटं आठवडाभर सोललेली होती.

मधे एकदा काम जवळजवळ बिघडलं. बैठकीत ठरलं की वळणावरचा उतार फार आहे, मुलं पडतील, तो कमी करा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून उभी राहिले. म्हटलं, उतार कमी केला तर वेगातली सायकल बाहेर फेकली जाते. उतारच तिला धरून ठेवतो. माणूस उताराने पडत नाही, भिऊन पाय थांबवले की पडतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबांनी विचारलं, "ये आपको किसने बताया?" मी म्हटलं, "पुस्तकात आहे." पुस्तकात असेलही, सर. पण मी ते पुस्तकातून शिकले नव्हते. उतार तसाच राहिला. तुमचं नाव मात्र त्या बैठकीच्या इतिवृत्तात आलं नाही, आणि ते न यायला मीच कारण आहे.

काल उद्घाटनाची पत्रिका घेऊन मुर्रीला तुमच्या घरी गेले. तुमचं लग्न झालं तेव्हापासूनचं ते घर, आता तिथे तुमच्यामागे काकू एकट्याच आहेत. गुडघे दुखतात, पण चालतात. अंगणात उन्हात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी ठरवून गेले होते. रस्त्यात गाडी चालवताना वाक्यं जुळवली होती. काकूंनी पत्रिका डोळ्यांशी धरून वाचली आणि पदराने डोळे पुसले. मग चहा ठेवला. चहा पिता पिता म्हणाल्या, "ते आखरीपर्यंत म्हनत होते, पोरींसाठी एक ट्रॅक पाहिजे. पन शाळेत तसं झालं आनि त्याहिनं पुन्हा शिट्टी हातात घेतली नाही. कोन्या पोरीनं त्याहिचं खोटं नाव घेतलं होतं म्हने. मी किती खेपा विचारलं, कोन होती ते सांगा. कधीच सांगितलं नाही. म्हनत, लहान होती, सोड." माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तू त्याच शाळेत होतीस ना बेटा? तुले तं मालूम असंल. कोन होती ती?"

सर, त्यांच्या आवाजात राग नव्हता. एवढ्या वर्षांत त्यांना फक्त नाव हवं होतं. चहाचा पेला माझ्या हातात होता. मी म्हटलं, "नाही काकू. मला आठवत नाही."

त्या म्हणाल्या, "जाऊ दे. लय दिवस झाले." आणि मला अर्धा पेला चहा आणखी दिला. मी तो प्याले.

गुरुवारी त्यांना न्यायला मीच जाणार आहे. पहिल्या रांगेत बसवणार आहे. सांगेन की नाही, ते मला आत्ता खरंच माहीत नाही. हे पत्र मी कुणाला देणार नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच ते इतकं सरळ लिहून झालं. तुम्हाला यातलं सगळं आधीपासून माहीत होतं, सर. ज्यांना माहीत नाही त्या मुर्रीत राहतात, आणि त्यांच्यासाठी मला अजून एक ओळ लिहिता आलेली नाही.