ग्रंथालय बंद : दुपारी एक ते दोन

सोमवार, २ जून

रुजू झाले. नऊ वर्षं नाशिकला कंत्राटी ग्रंथपाल म्हणून घासली, आता भिवंडीत का होईना, कायम झाले. सुधीर टेम्पोतून सामान उतरवून लगेच परत गेला. त्याची कंपनी एका दिवसाच्या वर नवरा सोडत नाही. म्हणजे इथे मी आणि अदिती. तिलाही याच कॉलेजात एफ.वाय.ला घातलंय, म्हणून ती रुसलेली आहे. आईच्या कॉलेजात कोण शिकतं, असं तिचं म्हणणं.

घर कल्याण नाक्याजवळ, तिसऱ्या मजल्यावर. मागच्या गल्लीत लूम, कापडाचे यंत्रमाग. खटखट शुक्रवार सोडून अखंड चालू. घरमालकीणबाई म्हणाल्या, आठ दिवसांत सवय होते, मग आवाज थांबला की दचकायला होतं.

ग्रंथालय म्हणजे पहिल्या मजल्यावरचं लांबलचक दालन. सदतीस सागवानी खुर्च्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर नाव कोरलेलं. कै. नवशा हरी भोईर यांच्या स्मरणार्थ. कै. चंद्राबाई तरे यांच्या स्मरणार्थ, मु. खारबाव. पंख्यांच्या पात्यांनासुद्धा नावं आहेत. इथे अभ्यासाला बसायचं म्हणजे कुणाच्या तरी वर्षश्राद्धाला जेवायला बसल्यासारखं वाटत असेल पोरांना.

शिपाई तुळशीराम मामा, दिघाशीचे, निवृत्तीला एक वर्ष राहिलंय. अक्षर वाचता येत नाही, आकडे येतात. तेवढ्यावर ते माझ्याआधी पुस्तक काढून आणतात. एक वाजता ते दाराला ‘ग्रंथालय बंद : दुपारी एक ते दोन’ ही पाटी लावतात, मुलांना बाहेर काढतात, सगळ्या खुर्च्या टेबलापासून हातभर मागे ओढतात आणि कुलूप घालतात. दोनला उघडून प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर हात ठेवत, तोंडानं काहीतरी पुटपुटत ती आत ढकलतात. हे कशासाठी, विचारलं, तर म्हणाले, पयल्यापासून तसंच हाय. झाडू मारायला सोपं जात असेल.

मंगळवार, १० जून

ग्रंथालयाचं रूपडं बदलायचं ठरलं. मुलांनी आता एकेकटं डोकं खुपसून वाचायचं नाही, गटानं बसून, बोलत, एकमेकांना समजावत शिकायचं. सहा गोल टेबलं, प्रत्येकाला चाकांच्या सहा रंगीत खुर्च्या, लिहिता येईल अशा भिंती, जागोजागी चार्जिंग. माझ्या टेबलाभोवती काचेची केबिन. काम भूपेश नावाच्या कंत्राटदाराकडे आहे. मुलगा तोंडानं गोड आणि कामाला चोख.

जेवणाची सुट्टी रद्द करायची कल्पना माझी. मुलांना नेमका तोच तास मोकळा असतो आणि आपण नेमकं तेव्हाच कुलूप लावतो, हे मी बैठकीत मांडलं. प्राचार्य खूश झाले. चहा देणारे मामा मात्र जिन्यात गाठून म्हणाले, एक ते दोन ऱ्हाऊ द्या म्याडम. कारण विचारलं तर कपबशा घेऊन खाली निघून गेले. माणूस जुनं काही सोडायला तयार नसतो.

शनिवार, १४ जून

जुन्या खुर्च्या भंगारात गेल्या. एक तेवढी मी घरी आणली, खिडकीजवळची. भूपेशच म्हणाला, असलं सागवान आता डोळ्यांना दिसत नाही मॅडम, न्या एखादी. जळत्या घराचा पोळता वासा तरी हाती लागला. अदितीच्या अभ्यासाला चांगली खुर्ची नव्हतीच.

पण आमच्या राजकन्येला मेलेल्या माणसाच्या नावाला पाठ टेकायची नव्हती. मग भूपेशच्या पॉलिशवाल्यानं रंधा मारून पाठ साफ केली आणि वर पॉलिश चढवलं. कुणा एकाचं नाव होतं, मी नीट वाचलंही नाही. आता आरशासारखी चकाकते. अदिती बसली आणि इथे आल्यापासून पहिल्यांदा हसली.

मंगळवार, १ जुलै

उद्घाटन झालं. दालन ओळखू येत नाही. मुलं भिंतींवर लिहितात, खुर्च्या सरकवत या टेबलावरून त्या टेबलावर जातात, हसतात. मला भरून आलं. ग्रंथालयात हसण्याचा आवाज ऐकायला माझी उमर गेली.

मामांना पिशव्या सांभाळायला दाराशी बसवलंय. तरी दोनच्या ठोक्याला ते आत आले आणि मुलं बसलेल्या खुर्च्यांच्या पाठीवर हात ठेवत, पुटपुटत सगळ्या टेबलांभोवती फिरून गेले. मुलं फिदीफिदी हसली. जित्याची खोड.

गुरुवार, ३ जुलै

गंमत आहे. एवढा कलकलाट करणारी पोरं एक वाजला की चिडीचूप होतात. मी न सांगता. प्राचार्यांना बोलावून दाखवलं, त्यांनी फोटो काढले.

मंगळवार, ८ जुलै

आज केबिनमध्ये घड्याळ समोर ठेवून बसले. गंमत नाही.

बरोबर एकला मुलं थांबली. बोलणं अर्ध्या वाक्यात. भिंतीवर लिहिणारा प्रितम अर्ध्या शब्दावर मार्कर खाली ठेवून खुर्चीत येऊन बसला. सगळे ताठ बसून समोरच्या पानाकडे बघत राहिले. तासभर कुणी मोबाइलला हात लावला नाही. प्रितम डाव्या तळहातावर उजवा अंगठा चोळत होता, तंबाखू मळावी तसा. मेघाली, अदितीची मैत्रीण, अठरा वर्षांची पोर, ओठांवर नसलेल्या मिशीला पीळ देत होती.

मी काच वाजवली. एकही मान वळली नाही.

दोनला मामा आले. ज्या खुर्चीच्या पाठीला हात लावतील तिथलं पोर डोळे मिटून उघडे आणि बोलू लागे. प्रितमनं उठून तो अर्धा शब्द पुरा केला.

अदितीचं प्रॅक्टिकल होतं. ती नव्हती. देवाची कृपा.

शुक्रवार, ११ जुलै

मेघालीला विचारलं, एक ते दोन काय करता. ती म्हणाली, मॅडम, एक कधी वाजतो तेच कळत नाही. डबा भरलेला तसाच होता. भूक नाही म्हणाली, पोट भरलंय.

मग मामांना केबिनमध्ये बसवलं. या वेळी बोलले. ज्यांच्या नावाच्या खुर्च्या होत्या ती सगळी आसपासच्या गावची शेतकरी माणसं. जन्मात शाळा पाहिली नव्हती. शिकायचं राहून गेलं, ही इच्छा घेऊन गेली, म्हणून घरच्यांनी कॉलेजला खुर्ची दिली. ती येतात. एक ते दोन, ग्रंथालय रिकामं असतं तेव्हा. मामा म्हणाले, वाईट न्हायती म्याडम, वाचाया येतात. दोनला नाव घेतलं की उठतात न् जातात. आता त्यांच्या खुर्च्याच न्हायत, तं कुठं बसतील? पोरांच्या जाग्यावरच बसणार.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

भूपेशला फोन करून जुन्या खुर्च्या परत मागितल्या, वाटेल ते करून. भंगारवाल्यानं त्या एका सायझिंगला, सुताला खळ लावणाऱ्या कारखान्याला, विकल्या होत्या. बॉयलरमध्ये दोन दिवसांत जळून गेल्या.

सोमवार, १४ जुलै

प्राचार्यांकडे गेले. एक ते दोन पुन्हा बंद ठेवू, म्हटलं. ते म्हणाले, २१ तारखेला तपासणी समिती येतेय, शांत बसलेल्या मुलांचे फोटो अहवालात गेलेत, आणि सुट्टी रद्द करा हे तुम्हीच म्हणाला होतात. खरं आहे. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

मुलांना बाहेर काढायला गेले तर ती तक्रार करतात. निदान माझी पोर तरी वाचवते. अदितीला बजावलं, साडेबाराला कॉलेजातून निघायचं, एकच्या आत घरी. तिथे आपलं टेबल आहे, आपली खुर्ची आहे, निवांत बस. पुष्कळ कुरकुरली. चपलेचा अंगठा तुटलाय, चालताना फरपटते, हेही कारण सांगून झालं. शेवटी ऐकलं. आता जिवाला घोर नाही.

बुधवार, १६ जुलै

सहाला घरी आले तर अदिती खुर्चीतच. भात झाकलेला तसाच. टेबल तिनं ओढून खिडकीशी नेलंय. तिथून उजेड बरा येतो, म्हणाली. आवाज बसलाय. ताप नाही.

जेवताना मला बाई म्हणाली. बाई, मीठ द्या. मी हसले. ती हसली नाही.

गुरुवार, १७ जुलै

अदितीची फिजिक्सची वही उघडली. सोमवारच्या नोट्स तिच्या अक्षरात. पुढे पानंच्या पानं नुसता ग. वाकडातिकडा, पेन दाबून दाबून गिरवलेला. पहिलीतलं पोर गिरवतं तसा.

विचारलं, हे काय. म्हणाली, येईल हळूहळू.

सुधीरला फोन केला. उद्या संध्याकाळी येतो म्हणाला. डॉक्टरची वेळ घेतलीय, उद्या सहाची. आज तिला दिवसभर घरीच ठेवली होती. उद्याही ठेवेन. घरी ती सुरक्षित —

शुक्रवार, १८ जुलै, दुपारी १.१०, केबिन

मामा आत्ता येऊन गेले. काचेतून बघत सगळ्यांना मोजलं. कुणाची बसण्याची काय तऱ्हा, ते त्यांना पाठ आहे. म्हणाले, छत्तीसच हायेत. एक न्हाय.

मी म्हटलं, खुर्च्याच छत्तीस आहेत, एकाला जागा मिळाली नसेल. ते म्हणाले, ज्याची खुर्ची शाबूत हाय तो तिच्या मागंच जातो. खिडकीजवळची कुठं हाय म्याडम?

मी सांगितलं नाही. एवढंच विचारलं, त्याचं नाव काय.

मामांना माहीत नाही. त्या माणसाचं कुणी कधी आलंच नाही विचारायला. बाकीची नावं घरच्यांकडून ऐकून पाठ केली. हे कोरलेलं होतं, पण मामांना वाचता येत नाही. ते अक्षरांवरून हात फिरवायचे. तेवढ्यानं तो उठायचा.

आणि नाव पुसलं गेलं तर, विचारलं. मामा म्हणाले, मंग त्याला उठवणार कोण.

चार दिवस झाले. मीच पाठवली तिला. मी

१.४०, घरी

खुर्चीत आहे. ताठ. हात गार. हलवलं, पाणी मारलं. पेन थांबत नाही.

खुर्चीची पाठ गुळगुळीत. बोट लावून पाहिलं, नखानं खरवडलं. एक रेघही शिल्लक नाही. रंधा छान मारलाय.

पॉलिशवाल्याला आठवत नाही. कॉलेजच्या सामानाच्या नोंदीत नुसतं ‘सागवानी खुर्च्या ३७’, हे मीच वाचलं होतं.

डायरी. १४ जून. मी लिहून ठेवलं असेल. मी सगळं लिहिते.

“कुणा एकाचं नाव होतं, मी नीट वाचलंही नाही.”

तेवढंच आहे. पुन्हा वाचलं. तेवढंच.

१.५८

मामा फोन उचलत नाहीत. तिथे मुलांना उठवत असतील. इतरांच्या मुलांना.

२.०६

उठली नाही.

पाठीवर हात फिरवला, मामा फिरवायचे तसा. कितीदा तरी. हाताला काही लागत नाही — नुसतं लाकूड —

२.१५

मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे तिचेच. फार अदबीनं विचारलं, बाई, तुम्ही तं वाचता, माझं नाव काय लिवलं व्हतं तिथं.

मला राहवलं नाही. मी कवटाळलं तिला. ओरडले. अदिती, ऊठ. अदिती. अदिती —

नाव घेतलं की उठतात न् जातात

मी काय केलं

कुणीतरी उठलं. माझ्या हातांतून. खुर्ची हलली नाही. पडदा हलला, दार उघडलं —

खुर्चीतली आहे तिथेच आहे. ग गिरवतेय.

शुक्रवार. लूम बंद. म्हणून ऐकू येतंय. जिन्यावर चपला. एक नीट पडते, एक फरपटते.

धावत दाराशी गेले. जिन्यावर कुणी नाही, नुसता आवाज, खाली जाणारा. बाळा म्हणून हाक मारली. थांबली नाही. सोनू म्हटलं. थांबली नाही.

तोंडातून तेच येईल म्हणून ओठ दाबून धरलेत. पायरीवर बसून लिहितेय. दुसरा मजला झाला. पहिला. फाटकापर्यंत पोचेल आता. थांबवायचं तर नावानं हाक मारायला हवी, आणि नाव घेतलं तर ती