बसक्या दाराची लॉरी

३ मार्च
ती लॉरी परत आली! एकतीस वर्षांनी! ती तेव्हा बांधून घेणाऱ्या, घरसामान हलवणाऱ्या म्हाताऱ्याच्या नातीनं ओढून आणून फाटकात उभी केली. म्हणते, होती तशी करून द्या. बॉडी आमच्याच वर्कशॉपची — गोल टप, ड्रायव्हरच्या डोक्यावरून पुढे आलेला गाद्यांचा कप्पा, कपाट उभंच्या उभं आत जावं म्हणून खाली घेतलेली फरशी. अजून देखणी आहे, मेली. फक्त मागचं दार चार बोटं बसकं.

बाबांना आता अंधुकच दिसतं, पण तोंड शाबूत आहे. "हेच ना ते? त्या गाढवानं वाट लावलेलं दार?"

गाढव म्हणजे दादा. दाराचं काम त्याच्याकडे होतं. पहिल्याच फेरीत कपाट दारात अडकलं आणि बाबांनी सगळ्या कारागिरांसमोर त्याला हाकललं. तो गेला तो गेलाच. परगावी बस चालवतो.

४ मार्च
"बरं झालं तू होतीस. त्याच्या हातात वर्कशॉप बुडालं असतं." माझं कौतुक करायलाही बाबांना दादाला तुडवावं लागतं! कप आपटला. कान तुटला.

आणि मला तरी वर्कशॉपमध्ये कुठे सुखानं घेतलं होतं? ही लॉरी बांधली त्याच वर्षी, सतरा वर्षांची होते. "एक चूक झाली की घरी बसायचं" — ही अट! दादाला अशी अट कधी घातली नाही. त्याला थेट हाकललंच.

७ मार्च
कप्प्याचा पत्रा काढला. आतलं लाकूड ठणठणीत. इतकी चिडलेली असूनही हात फिरवत बसले.

आमची रीत — पत्रा ठोकण्याआधी लाकडावर पेन्सिलीनं माप लिहायचं, खाली माप घेणाऱ्याची खूण. बाबांचं वर्तुळ, दादाची फुली, माझी चिमणी. दादा मला चिमणे म्हणायचा.

दाराच्या खांबावर वर्तुळ निघणार, लिहून देते! दाराचं माप फरशीच्या वरून घ्यायचं, खालून घेतलं तर फरशीच्या जाडीइतकं दार बसकं होतं, हे मला दादानंच दहादा बजावलेलं. तो चुकेल? चूक बाबांची. स्वतःची चूक पोराच्या माथी मारली!

८ मार्च
"अजून दाराचा पत्रा काढला नाहीस? भावाची अब्रू झाकतेस?" — थांबा! उद्या खुर्चीसकट उचलून आणते आणि दाखवते.

९ मार्च
आणलं. खुर्चीसकट. सगळ्यांना काम थांबवायला सांगितलं आणि खांबाचा पत्रा उचकटला.

माप फरशीच्या खालून घेतलेलं. खाली चिमणी.

त्या दुपारी दादा जेवायला गेला होता. मला घाई होती, काहीतरी करून दाखवायची. आत्ता आठवलं. पत्रा त्यानं ठोकला होता, स्वतःच्या हातानं. कपाट अडकलं तेव्हा त्याला ठाऊक होतं, आत खूण कुणाची आहे.

"काय निघालं?" बाबांनी विचारलं. "फुलीच ना?"

सगळे बघत होते. मी "हो" म्हणाले.