पिकोलो कोण खातं?

प्रिय सेलेस्ते,

कॉम्प्युटर चालू झाला. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण मी लांबण लावली की तुझा जीव टांगणीला लागतो. तुझ्या तातायनी रचलेल्या मिरवणुकीच्या सगळ्या चाली, या फिएस्टाच्या उत्सवासाठी रचायला घेतलेली अर्धवट चालसुद्धा, जागच्या जागी आहेत. आता डोळे पूस आणि काहीतरी खाऊन घे. तिथे बागियोत राहून नुसत्या कॉफीवर जगतेस, हे मला कोणी सांगायला नको.

तू खाली मान घालून पहाटेच्या बसने निघून गेलीस, तेव्हापासून त्या डब्याने वात आणला होता. बटण दाबलं की पंखा घुरघुरायचा, पडदा काळाच, मग आपोआप बंद, पुन्हा आपोआप चालू. मला तुझा रागच आला होता, खोटं कशाला बोलू. ताताय महिनोन्‌महिने कुरकुरत होते की यंत्र मंदावलंय, सूर खातंय, त्यातही पिकोलोचे, म्हणजे त्यांच्या बँडमधल्या त्या चिमुकल्या बासरीचे. म्हणून तू वडिलांसाठी प्रोसेसरचा वेग वाढवायला बसलीस. हेतू सोन्यासारखा होता. पण बाई, तुझ्या कॉम्प्युटरला बागियोच्या गारव्यात जो आकडा मानवला, तोच तू मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली ह्याला दिलास. इथे कुत्री गारव्यासाठी चर्चच्या फरशीवर पडून राहतात, त्या एवढ्याशा चिपने काय करावं? आणि मग ‘नवा घेऊन देईन तेव्हाच घरी येईन’ म्हणून शपथ घेऊन मोकळी झालीस. हट्ट कुणाचा घेतलास ते मला ठाऊक आहे, पण तो माणूस हे पत्र वाचणार आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

शेवटी मी डागुपानच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “आतली ती नाण्यासारखी बॅटरी काढून परत बसवा, वाढवलेला वेग तो विसरून जाईल.” मी म्हटलं, “मुलीने काढून बघितली होती की.” तर विचारतो, “भिंतीतली वायर काढली होती का?” सेलेस्ते, काढली होतीस का? तू बॅटरी काढलीस आणि चटका बसल्यासारखी परत कोंबलीस, मी दारातूनच बघत होते. मी वायर उपटली, बॅटरी काढली, बशीत ठेवली आणि भात टाकला. भात झाला, मुरला, आमची जेवणं झाली, तोवर तिला हात लावला नाही. मग सगळं जागेवर बसवून बटण दाबलं, आणि पडदा उजळला. यंत्राला आजची तारीख विचारली तर कुठल्या तरी जुन्याच सालात जाऊन बसलं होतं, आपला जुना वेग धरून. बाकी शाबूत. मला नाचावंसं वाटलं, आणि थोडी नाचलेही.

तेवढ्यात बँडमधले क्लॅरिनेटवाले पिद्योंग आले. त्यांना नेमका माझ्या बिबिंका केकचा वास लागतो. त्यांच्यासमोरच मी ताताय रचत असलेली चाल लावली. ताताय कान देऊन बसले, आणि मान हलवून म्हणाले, “बघ, काही उपयोग नाही. अजूनही पिकोलो खातंयच.” पिद्योंगांचा घास हातातच राहिला. “काय सांगता मास्तर! त्या बासरीने माझे कान किटले, आणि तुम्ही म्हणता खाल्ली?” मला तर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू येत होती, एक सूर चुकला नाही. मी आवाज वाढवला. ताताय माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, “आत्ता वाजतोय?” मी हो म्हटलं. ते उठून अंगणात गेले, आणि बिबिंकासाठी आलेल्या पिद्योंगांनी बशी अर्धवटच खाली ठेवली.

यंत्र कधीच मंद नव्हतं, पोरी. तू ज्याचा वेग वाढवायला गेलीस, ते बिचारं धडधाकट होतं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगते, हायसंही वाटलं, कारण आता काय करायचं ते तरी कळलं. कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही जाऊन आलो. कानात यंत्र लावलं की बरंच ऐकू येईल म्हणतात, पण ते फिएस्टानंतर मिळेल. अजून एक गोष्ट तातायनी परतीच्या जीपनीत सांगितली. तू गेल्यापासून तुझे फोन ते घेत नव्हते, ते रागाने नाही. तुझा बारीक आवाज त्यांना फोनवर कळतच नव्हता, आणि ‘काय, काय’ विचारायची लाज वाटत होती. म्हणून मी फोन न करता पत्र लिहितेय, म्हणजे तुझ्याशी काय बोलले ते त्यांनाही कळेल. फिएस्टाला ये. कॉम्प्युटर घेऊन नको, तुझे कान घेऊन ये. खाली त्यांना थोडी जागा सोडते.

तुझीच,
नानाय

सेलेस्ते, पिकोलोच्या ओळी अंदाजाने लिहिल्या आहेत. शेजारी बसून ऐक आणि कुठे चुकलं ते मोठ्याने सांग. —ताताय