खोली क्रमांक सातचे छत आणि कुलूपबंद पान

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
शालेय तपासणी विभाग

विषय : इयत्ता सातवीचा वर्ग खोली क्रमांक सातमध्ये परत न बसवण्याबाबत.
संदर्भ : वर्ग व्हरांड्यात का बसवला, याचा खुलासा मागणारे आपले पत्र.

महोदय,

१. आपल्याच परिपत्रकानुसार मी भूगोलाच्या तासाला वर्गाचा विकी सुरू केला. विकी म्हणजे संगणकावरचे सामाईक पान. कोणीही भर घालावी, चूक दिसल्यास कोणीही सुधारावी, आणि कोणी काय बदलले याची नोंद आपोआप राहावी, अशी त्याची रीत. विषय मुलांनी निवडला : 'आमची खोली'.

२. वर्गातील एका मुलीला सगळे फूटपट्टी म्हणतात. दर शनिवारी ती झाडूच्या दांड्याला पट्टी बांधून छताची भेग मोजी व पानावर आकडा लिही. एकवीस सेंटिमीटर, सव्वीस, एकतीस. स्टूल मी धरत असे.

३. आपल्या तपासनीसांनी पान पाहिले आणि उत्साहाने भाग घेतला. त्यांनी 'भेग' काढून 'रेषा' केले. मुलांनी पुन्हा 'भेग' केले. मग 'जुनी रेषा' झाले, शेवटी 'छतावरील नक्षी'. फूटपट्टीने विचारले, "सर, नक्षी आठवड्याला पाच सेंटिमीटर वाढते का हो?" मी भूगोलाचा शिक्षक, मी तिला तो प्रश्न पानावरच लिहायला सांगितले. त्यानंतर 'खोली सुस्थितीत आहे' एवढेच वाक्य ठेवून पानाला कुलूप घालण्यात आले.

४. मुले म्हणाली, "सर, आम्ही आपलं बाहेरच बसतो." मी बसू दिले. खुलासा एवढाच आहे.

५. गुरुवारी तिसऱ्या तासाला चौथ्या ते सातव्या बाकावर छत आले. त्या बाकांवर तेरा जणांची जागा आहे. मी व्हरांड्यात हजेरी घेतली, मग पुन्हा घेतली. तेराही जणांनी दोन्ही वेळा 'हजर' म्हटले. नंतर मी धडा पूर्ण केला. नद्यांचा होता. मला तेव्हा काही वाटले नाही. अजूनही वाटत नाही.

६. मुख्याध्यापिकाबाईंनी आपल्या कार्यालयात फोन केला. तिकडून उत्तर आले, "बाई, पानावर सुस्थितीत आहे ना? मग झालं तर! सोमवारपासून आत बसवा, नाहीतर सरांवर कारवाई होईल." पान सुधारावे, तर ते कुलूपबंद.

७. सबब, कारवाई जरूर करावी. तिची फाईल तयार होईपर्यंत वर्ग व्हरांड्यात राहील, आणि नंतर येणाऱ्या शिक्षकांनाही तो तिथेच बसवण्याची लेखी परवानगी असावी. पानाचे कुलूप सवडीने काढले तरी चालेल. मुलांनी खोलीच्या दारावर खडूने लिहिले आहे : 'आत येऊ नका. छत पडले आहे.' तपासनीस पुन्हा आल्यास त्यांनी ते वाक्य सुधारू नये, एवढीच कळकळीची विनंती.

आपला, अद्याप धडधाकट,
(सही)
वर्गशिक्षक, इयत्ता सातवी
दिनांक : शनिवार, मोजणीचा तास

सोबत :
१) पानावरील बदलांची यादी, वेळेसह.
२) गुरुवारच्या हजेरीची प्रत, दोन्ही वेळची.
३) नक्षीचा एक तुकडा. (मोठे तुकडे टपालात घेत नाहीत.)