एकच अपत्य

उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर
दि. २३ जुलै १९८४

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. तुझं रजिस्टर पत्र बुधवारी मिळालं. आतला सही केलेला कागदही नीट मिळाला, कुठे भिजलेला किंवा फाटलेला नाही. आज कारखान्याला सुट्टी आहे म्हणून आंघोळ करून लगेच लिहायला बसलो आहे. आईचे गुडघे पावसाने धरले आहेत, बाकी तिची तब्येत बरी आहे. अंबूला पुढच्या महिन्यात तुमच्याकडे बहारीनला पाठव, असं तू लिहिलं आहेस. त्याचं उत्तर मी याच पत्रात देणार आहे, पण आधी थोडं मागचं लिहितो. तू म्हणशील, हे सगळं मला माहीत आहे. पण मला आठवीतून शाळा सोडावी लागली तेव्हापासून एक सवय लागली आहे. जे लिहायचं ते पहिल्यापासून लिहायचं आणि मधलं काही गाळायचं नाही.

अंबूला पहिलीत घातली तो १९७८ चा जून तुला आठवत असेल. तू तेव्हा शिरोलीत मोल्डिंगला होतास. फॉर्म भरता येतो म्हणून तू मला बरोबर नेलंस. गुरुजींनी जन्मतारीख विचारली आणि आपण दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. हंबीर इथे सरकारी दवाखान्यात झाला, त्यामुळे त्याची नोंद महानगरपालिकेत आहे, ९ डिसेंबर १९७३. अंबू झाली वहिनींच्या माहेरी, बिद्रीच्या पुढे, बहात्तरच्या आषाढात, आणि ते कुणी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. गुरुजी म्हणाले, एक जून टाका, समदे तेच टाकतात. त्या दिवशी त्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनलाच जन्मली. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालास, "वरीस बी एक कमी धर जोत्या. पोरीच्या जातीला वय कमी असल्यालं बरं, लग्नाला उपेगी पडतंय." हंबीरची तारीख मला पाठ होती. तरी मी दोन्ही तारखा शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. चांगलं अक्षर काढून लिहिलं, १ जून १९७३. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून कारखान्यात आम्ही लाकडाचा पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, मापापेक्षा जरा मोठा करतो. सूतभर चुकलं तर मी तो परत रंधायला घेतो. पोरीचं माप मात्र मी स्वतःच्या हाताने एक वर्ष कमी घेतलं. ती चूक माझी आहे, ती मी तुझ्यावर ढकलत नाही.

एक्याऐंशीला तू बहारीनला फोरमन झालास, कंपनीने खोली दिली, बायकापोरांना आणायची परवानगी दिली, पण तीन महिन्यांच्या आत. वहिनींच्या पासपोर्टचा फॉर्म मीच भरला. त्यावर दोन्ही मुलांची नावं घातली. महिन्याने फॉर्म परत आला, दोन्ही तारखांखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ मारून. तू सुट्टी काढून आलास आणि आपण तो कचेरीबाहेरच्या बाळासो टायपिस्टला दाखवायला नेला. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्या पक्षकारांना ऐकू जाईल असा ओरडला, "अवो पावणं, सहा म्हैन्यांत दोन बाळंतपणं? म्हशीला बी दहा म्हैनं लागत्यात की!" सगळे हसले, तूही हसलास. मी हसलो नाही, कारण एक जून माझ्या अक्षरात होता. शाळेतली तारीख बदलायला वर्ष जाईल, असं तो म्हणाला. मग त्यानेच तोड सांगितली. "एकाच पोराचा बाप व्हा. भानगडच मिटली."

मी नको म्हणालो होतो, दादा. तू म्हणालास, "कागदावरच रं. कागद काय पोरीला खातोय? वरसात तारीख दुरुस्त करून घे, मी सोता येऊन नेतो तिला." आई एवढंच म्हणाली, "आकाराम, लेकरू हाय ते, ट्रंक न्हवं ठिवून जायाला." तू ऐकलं नाहीस. प्रतिज्ञापत्र टाइप झालं. मला हंबीर आकाराम हे एकच अपत्य आहे, आणि घरात राहणारी कुमारी अंबू ही माझा धाकटा भाऊ जोतीराम याची मुलगी आहे, असं मी शपथेवर लिहून देतो. बाळासोने ते मला तपासायला दिलं. मी त्यात दोन चुका काढल्या, त्याने त्या सुधारून दिल्या, आणि मग तू सही केलीस.

त्याप्रमाणे रेशनकार्डही बदललं. तुमची नावं कमी झाली, माझ्या नावाखाली मुलगी म्हणून अंबू आली. पुढच्या वर्षी कोडोलीचे पावणे मला बघायला आले. मी हे तुला आजपर्यंत कळवलं नव्हतं. पोरगी आईला पसंत होती, मलाही होती. तिच्या मामाला सगळं पारखून घ्यायची सवय, त्याने रेशनकार्ड मागितलं. वाचलं आणि पोह्यांची बशी खाली ठेवली. "पोरगं कवारं म्हणताय आन् कार्डावर लेक हाय की! बायकू कुठं लपिवलीय?" आईने सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, शपथेवर खोटं लिहून देणाऱ्या घरात आम्ही पोरगी देत न्हाय. बरोबरच बोलले. त्यानंतर दोन ठिकाणं आली, तीही तशीच गेली.

तारखेच्या दुरुस्तीसाठी मी तीन वर्षं हेलपाटे घातले. वहिनींच्या माहेरच्या पोलीस पाटलाची जुनी वही काढायला लावली, ती वाळवीने खाल्ली होती. मग सुईण बायडाबाईला शोधलं. तिला दिसत नाही, पण तिने सांगितलं की पालखी गावातून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरगी झाली, दुष्काळाचं वर्ष होतं. त्यावर मी तिचा अंगठा घेतला. ते सगळं शिक्षण खात्यात नेऊन ठेवलं तर तिथले साहेब म्हणाले, तुम्ही बाप की चुलता? चुलता म्हटलं तर बापाचं पत्र आणा. बाप म्हटलं तर जन्माच्या वेळी तुमचं वय काय होतं ते बघा. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. म्हणजे तुझं एक पत्र पाहिजे होतं, अंबू ही माझीच मुलगी आहे एवढी एक ओळ आणि खाली सही. ती मी तुझ्याकडे अकरा पत्रांतून मागितली. प्रत्येक पत्राची नक्कल माझ्याकडे आहे. तू टेपरेकॉर्डर पाठवलास, आईला शाल पाठवलीस, दर दिवाळीला अंबूला फ्रॉक पाठवलास. फ्रॉक तू गेलास तेव्हाच्या मापाचे असत, ती ते कुणालाही देऊ देत नसे. त्या एका ओळीबद्दल तू काहीच लिहीत नव्हतास. शेवटी अकराव्या पत्राला उत्तर दिलंस की, मागची शपथ खोटी निघाली तर नोकरी जाईल, वहिनी आणि हंबीर परत पाठवले जातील, तू समजून घे. मी समजून घेतलं. अंबूला सांगत राहिलो की कागद वाटेत आहे.

आता मे महिन्याचं लिहितो. तुम्ही आठ दिवसांसाठी आलात, बरोबर नवीन बाळ होतं. पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर तू अंबूला जवळ ओढून म्हणालास, "आवंदा अंबूला न्यायाचंच!" तू हौसेने बोललास, दुसऱ्या दिवशी विसरलास. तिने त्याच रात्री ट्रंक भरली. ते तिन्ही फ्रॉक, अंगाला येत नाहीत तरी, सगळ्यात खाली ठेवले. निघायच्या दिवशी दुपारी वहिनींनी तिला पुढ्यात घेऊन डोक्याला तेल घातलं. तासभर घालत होत्या, वेणी घालायच्या आणि परत सोडायच्या. अंबू मला म्हणाली, "काका, तिकडं खारं पाणी असतंय, म्हणून आई आत्ताच लावत्याय." साडेपाचला तू मला घरामागच्या परड्यात बोलावलंस. "जोत्या, तिला कुठंतरी धाड. स्टेशनावर रडारड नको." मी तिला गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध आणायला पाठवलं. हंबीरला गाडीत प्यायला पाहिजे, असं सांगितलं. तिथे रांग असते हे मला माहीत होतं.

ती पळतच गेली. रिक्षा बोळातून बाहेर पडेपर्यंत हंबीर विचारत होता, "ताई कुठाय?" वहिनींनी पदर तोंडात धरला होता. त्या मागे वळून बघत नव्हत्या.

पुढचं तुला माहीत नाही. ती सहाला आली. तांब्यावर फेस तसाच होता, एक थेंब सांडला नव्हता. घर बघितलं आणि म्हणाली, गेली व्हय समदी पुढं? मग मला विचारलं, गाडी कितीला हाय. मी म्हणालो, आठला. ती म्हणाली, "मग चल की काका, घावत्यात अजून." तांब्या खाली ठेवला आणि ट्रंक उचलून डोक्यावर घेतली. दादा, गाडीला दोन तास होते आणि स्टेशन सायकलवर वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. ती उंबऱ्यात ट्रंक घेऊन उभी होती आणि मला तोंडाने सांगावं लागलं की तुला न्यायचं नव्हतंच. तिने विचारलं, कागद आला न्हाय म्हणून? मी हो म्हणालो असतो तर चाललं असतं. तीन वर्षं तेच म्हणत होतो. पण त्या दिवशी मला जमलं नाही. मी माझ्या पेटीतून प्रतिज्ञापत्राची नक्कल काढून तिच्या हातात दिली.

तिला वाचायला मी शिकवलं आहे. चुलीपुढे बसून बाराखडी घोटून घेतली, अडखळली की परत पहिल्यापासून. हा कागद तिने मोठ्याने वाचला आणि कुठेही अडखळली नाही. शेवटी फक्त एकाच शब्दाचा अर्थ विचारला, शपथेवर म्हणजे काय. मी सांगितलं, देवाला साक्षी ठेवून. ती म्हणाली, "कुठल्या देवाला? अंबाबाईला?" तिचं नाव तूच अंबाबाईवरून ठेवलं आहेस. तिने कागदाची घडी होती तशीच घातली आणि मला परत दिला. ट्रंक तिने स्वतःच रिकामी केली. दुसऱ्या दिवसापासून ती मला काका म्हणत नाही. मी तिला तसं काही सांगितलेलं नाही.

आणि आता तुझं हे पत्र. वहिनींना तिकडे शिवणाचं काम मिळालं आहे, बाळाला सांभाळायला कुणी नाही, बाई ठेवायची तर परवडत नाही, अंबू आता मोठी झाली, घरात उपयोगी पडेल. असं तू लिहिलं आहेस. कंपनीत नवा साहेब आला आहे, जुने कागद कोण बघतंय, असंही लिहिलं आहेस. आणि सोबत ती ओळ. अंबू ही माझीच मुलगी आहे. खाली तुझी सही. अकरा पत्रांनी जी आली नाही, ती बाळाच्या लंगोटांसाठी न मागता आली. मी तुझं पत्र तिला जसंच्या तसं वाचून दाखवलं, गाळलं काही नाही. तिने विचारलं, "बाळ किती म्हैन्यांचं झालं?" मी सांगितलं, आठ. ती म्हणाली, बरं. आणि भाकरी थापायला उठली.

हे पत्र लिहिण्याचं खरं कारण आता लिहितो. अंबू येणार नाही. तुझा कागद सोबत परत पाठवला आहे, तुझ्याच घडीत, त्यावर मी काही लिहिलेलं नाही. तू तिच्यासाठी कचेरीत आलास किंवा कुणाला पाठवलंस तर मी तुझं प्रतिज्ञापत्र पुढे ठेवीन. देवाला साक्षी ठेवून तू म्हणाला आहेस की ती जोतीरामची मुलगी आहे, आणि त्यातल्या चुका मी तेव्हाच काढलेल्या आहेत. गेल्या शनिवारी सातवीच्या बाईंनी घरच्या माणसांची माहिती लिहून आणायला सांगितली होती. अंबूने ती एकटीने भरली आणि रीतीप्रमाणे मला तपासायला दिली. वडिलांच्या रकान्यात जोतीराम लिहिलं आहे. आईच्या रकान्यात लिहिलं आहे, मयत. अक्षर चांगलं आहे. मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही, मी खाली सही केली. वहिनींना वाचता येत नाही, तूच त्यांना पत्रं वाचून दाखवतोस. हा परिच्छेद त्यांना मोठ्याने वाचून दाखव. गाळू नकोस.

तुझाच धाकटा भाऊ, आणि तुझ्या शपथेप्रमाणे अंबूचा बाप,
जोतीराम