बाबांच्या खिशातलं घड्याळ

ले सापां,
४ नोव्हेंबर १९८३

प्रिय न्युमा,

तुम्ही सगळे बरे असाल. तुमच्याकडे सरोवराकाठी अजून ऊन असेल. इथे बर्फ पडला, लाकडं आत आणून झाली. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. काल माझं सूप चाखून म्हणाली, "इर्मे, एवढं करण्यापेक्षा नळाचं पाणीच गरम करून द्यायचंस." तेव्हा तिची काळजी करू नकोस.

पत्राला खास कारण असं काही नाही. माझी बर्नची चुलत नणंद ट्रुडी आली होती. तिला आपलं घड्याळांचं संग्रहालय बघायचं होतं. मी म्हटलं, जन्मभर हेच बघतोय, आता काचेच्या पेटीत काय बघायचं? पण ती बर्नची. एकदा ठरवलं की ठरवलं. मग गेलो.

पहिला मजला ठीक होता. चर्चची घड्याळं, जहाजावरची घड्याळं, टोप्या घालून नाचणाऱ्या बाहुल्या. ट्रुडी प्रत्येक पेटीपुढे "अय्या, बघ!" करत होती. दुसऱ्या मजल्यावर घड्याळशाळेच्या मुलांची घड्याळं मांडली आहेत. शाळा संपताना प्रत्येकजण आपल्या हाताने बनवतो ना, ती. तूही बनवलं होतंस आणि महिनाभर सगळ्यांना कान लावून टिकटिक ऐकायला लावली होतीस. मला कुणी शाळेत घातलं नाही. मला आईशेजारी खिडकीत बसवलं, हातात चिमटा दिला आणि त्या केसासारख्या बारीक स्प्रिंगा वळवायला लावल्या. असो. तो आजचा विषय नाही.

कोपऱ्यातल्या पेटीत एक घड्याळ मागून उघडं ठेवलं आहे आणि वर भिंग बसवलं आहे. मी सहज वाकून बघितलं. न्युमा, आतली स्प्रिंग आईच्या हातची होती.

तू म्हणशील, इर्माला भास झाला. मी आईशेजारी बसून मोठी झाले. स्प्रिंगचं शेवटचं वळण ती जरा जास्तच आत घेते, गाठ मारून झाल्यावर दोरा दातांनी तोडावा तसं झटकन. हजारांत ओळखेन मी ते. खाली बाबांच्या नावाची पाटी होती: अल्सिद कालाम, आणि पुढे, "प्रत्येक भाग विद्यार्थ्याने स्वतःच्या हातांनी बनवलेला." परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाबांच्या जाड बोटांना ती स्प्रिंग काही केल्या बसेना, म्हणून ते समोरच्या घरातल्या क्लोटिल्डच्या खिडकीखाली जाऊन उभे राहिले, ही गोष्ट आपण दोघांनी प्रत्येक नाताळला ऐकली आहे. आईने ती वळवून दिली, शिक्षकांना पत्ता लागला नाही, आणि बाबांना बायको मिळाली.

आता तूच सांग. ते घड्याळ बाबांच्या जाकिटाच्या खिशात, किल्ली दिलेलं, चालू, त्यांच्याबरोबर मातीत गेलं होतं. तीच तर त्यांची शेवटची इच्छा होती. खिशात ठेवलंस तू. मी तेव्हा खाली फुलं घ्यायला गेले होते. शवपेटीचं झाकण बसवेपर्यंत खोलीत तू होतास आणि आई. आई बिचारी त्या दिवशी कुठल्या भानावर होती!

मी दारावरच्या रखवालदाराला, फाविएला विचारलं, "हे इथं कसं आलं?"

"देणगी आहे, मादाम."

"कुणाची?"

"नाव सांगायचं नाही असं ठरलंय," म्हणाला आणि माझ्याकडे बघून असा काही हसला, की माझ्या मनात पाल चुकचुकली. आपल्या घरचं काहीतरी त्याला ठाऊक आहे आणि मला नाही, असलं ते हसू होतं.

तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. मी कुणावर आरोप करत नाही. फक्त एवढंच आठवतं की सहा वर्षांपूर्वी बाबा गेले त्याच उन्हाळ्यात तुझी नवी होडी आली. आणि गेल्या ईस्टरला मी बाबांच्या थडग्याचा विषय काढला, तर तू उठून चीज आणायला आत गेलास आणि बराच वेळ आलाच नाहीस. फाविएचं म्हणणं देणगी. पण विकलेल्या वस्तूलासुद्धा लोक देणगी म्हणतात.

स्पष्टच लिहिते. ते घड्याळ मला हवं होतं. बाबा दुखणाईत होते तेव्हा त्यांच्या उशाशी ते रोज ऐकायचे मी. मागायचं धाडस झालं नाही, कारण मरणाऱ्याची इच्छा मोडायची नसते. मी मोडली नाही. मग दुसऱ्या कुणी का मोडली?

आईला यातलं एक अक्षर कळू द्यायचं नाही. तिला धक्का सहन व्हायचा नाही. उत्तर मात्र दे, आणि खरं दे.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
इर्मा

*

ले सापां,
१८ नोव्हेंबर

माझ्या न्युमा,

तुझं कार्ड मिळालं. पुढे सरोवराचं चित्र, मागे दोन ओळी. "घड्याळ मीच घेतलं. आईला काही विचारू नकोस." ना क्षमा, ना कारण.

खोटं कशाला बोलू, वाचून मला बरंच वाटलं. आपला संशय खरा ठरला की माणसाला काय समाधान वाटतं ते त्या दिवशी कळलं. मी तुझ्या नावाने भांडी आपटली. आईपुढे गप्प राहायचं असं मीच तुला बजावलं होतं, पण बुधवारी बटाटे सोलता सोलता तिने तुझं कौतुक सुरू केलं, न्युमा असा आणि न्युमा तसा, आणि माझा तोल सुटला.

"तुझा लाडका चोर आहे!" मी म्हटलं.

"कोण, न्युमा?" तिने सुरीसुद्धा थांबवली नाही.

"बाबांच्या खिशातून घड्याळ काढलं त्याने. संग्रहालयात आहे ते. मी बघितलं. आणि त्याने कबूलही केलंय!"

"कबूल केलंय?" आता मात्र सुरी थांबली. "गाढव आहे पोरगा. ते मी काढलं."

"तू?" मी म्हटलं.

"झाकण लावायच्या आधी मीच काढलं. तो दारात उभा होता. त्याला म्हटलं, बाहेर हो आणि तोंड बंद ठेव. इतकं बंद ठेवेल असं काही वाटलं नव्हतं."

"पण बाबांची शेवटची इच्छा..."

"त्याला तिथं कुठली गाडी पकडायची होती?" ती म्हणाली. मग तिने सुरी बाजूला ठेवली. तिचे डोळे भरून आले होते. बाबांना पुरलं तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"इर्मे, सारी हयात मी स्प्रिंगा वळवल्या. खोकी भरभरून कारखान्याला दिल्या. कुठं गेल्या, कुणाच्या मनगटावर चालल्या, देव जाणे. एकदा हातावेगळी झालेली स्प्रिंग पुन्हा कधी माझ्या नजरेला पडली नाही. फक्त एकीचा पत्ता मला ठाऊक होता. ती तुझा बाप मातीत घेऊन निघाला होता. तो गेला, त्याला कोण अडवणार? पण ती चालत होती गं. चालती स्प्रिंग कशी पुरायची?"

"मग घरात ठेवायचंस."

"म्हणजे मी गेल्यावर तुम्ही दोघांनी एकमेकांच्या झिंज्या उपटायच्या? म्हणून देऊन टाकलं संग्रहालयाला."

दर गुरुवारी ती तिथे जाते, न्युमा. मला वाटायचं पाद्रीबाईंकडे जाते. म्हाताऱ्यांना तिकीट नसतं. तो फाविए तिच्यासाठी पेटीपुढे खुर्ची आणून ठेवतो, आणि ती गेली की तिचं नाव काढत नाही. मी त्या माणसाला काय काय समजले!

काल तिच्याबरोबर मीही गेले. दोघी भिंगातून बघत बसलो. मी म्हटलं, "ही पाटी खोटी आहे. तुझं नाव घालायला सांगू का?" तर मला कोपर मारून म्हणाली, "खबरदार! घड्याळ तर घेतलंच त्याचं. आता बिचाऱ्याची परीक्षाही काढून घेऊ?" आणि दोघी अशा हसलो की फाविएने डोकावून बघितलं.

परत येताना मात्र मला हसू येईना. माझ्याही स्प्रिंगा कुठे कुठे चालत असतील, त्या आता मला कधी दिसायच्या नाहीत. पण त्याचं दुःख नंतर करीन. आधी तुझं.

तू सहा वर्षं गप्प राहिलास. मी विचारलं तेव्हा आईचं नाव सांगून तुला मोकळं होता आलं असतं. तू तिच्याऐवजी चोर झालास, तोही माझ्यासारख्या बहिणीपुढे, जी असली गोष्ट जन्मभर विसरली नसती. तुला हे ठाऊक होतं. तरी दोन ओळी लिहिल्यास आणि तिकीट चिकटवलंस. आणि मला त्यात तुझी मग्रुरी दिसली.

होडीबद्दल जे लिहिलं ते मागे घेते. सगळंच मागे घेते. माझं चुकलं, न्युमा. शाळेत तू गेलास, मी गेले नाही, हे दुखणं माझं आहे. तू ते मला दिलेलं नाहीस. नाताळला ये. आईला काही सांगू नकोस, मी बोलावलंय म्हणून नुसता ये. स्टेशनवर मी येईन, कारण तुझ्या तोंडावर बोलायचंय आणि घरात ती बोलू द्यायची नाही.

आईच्या खुर्चीशेजारी, तू येईपर्यंत तुझी जागा धरून बसलेली,
तुझी बहीण
इर्मा